विणणाऱ्यांनी पहिल्यांदा बर्फात खेळायला जाताना

बर्फ पहिल्यांदाच बघायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: भरपूर गरम कपडे घे. विणणाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं. लगेच लोकर निघते, सुया निघतात आणि बघता बघता दोन मफलर, एक गोंड्याची टोपी आणि पाच बोटांचे नाजूक हातमोजे तयार होतात. फोटोत ते झकास दिसतात. पण अर्धा तास बर्फाचे गोळे करून फेकले की त्याच हातमोज्यांना बर्फाचे मणी लटकू लागतात, मणी वितळतात, पाणी आत झिरपतं आणि बोटं बधिर होतात.

बर्फात उभं राहणं वेगळं आणि बर्फात खेळणं वेगळं. खेळताना बर्फ हातात येतो, बुटात शिरतो, मानेतून पाठीवर उतरतो आणि अंगाच्या उबेने वितळतो. नुसत्या कोरड्या थंडीला लोकर पुरून उरते. ओलावा आणि वारा एकत्र आले की मात्र तिचंही काही चालत नाही. म्हणून काय विणायचं, कसं विणायचं आणि काय सरळ विकत घ्यायचं हे ठरवताना दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे बर्फ वितळला तर पाणी कुठे जाईल?

लोकर घेताना

आधी लेबल वाचा. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बाष्प शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. ॲक्रिलिक पाणी शोषत नाही, पण धाग्याधाग्यांमधल्या फटींत पाणी साठून राहतं आणि ते थेट कातडीला लागतं. सुताचं तर नावच नको. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. जीन्स घालून बर्फात बसलेला माणूस तासाभरात हॉटेलवर परतायची भाषा का करू लागतो, त्याचं कारण हेच.

‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर मशीनमध्ये धुतली तरी आटत नाही, कारण तिच्या तंतूंवरचे खवले काढलेले असतात किंवा त्यांच्यावर लेप दिलेला असतो. पायमोज्यांना ती सोयीची. खाली सांगितलेल्या दाटवलेल्या हातमोज्यांना ती चालत नाही.

मऊ मेरिनो मानेला आणि कानाला ठेवा. हातमोज्यांना जरा राठ, केसाळ लोकर बरी, ती पाणी चटकन आत घेत नाही. आइसलँडच्या मेंढ्यांना लोकरीचे दोन थर असतात. बाहेरचे लांब, राठ केस म्हणजे ‘तोग’ आणि आतली मऊ लव म्हणजे ‘थेल’. तिथल्या ‘लोपी’ धाग्यात दोन्ही एकत्र असतात, म्हणून तो वजनाला हलका आणि तरी ओल्या हवेत टिकणारा. तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर दुकानात जी लोकर जरा टोचते म्हणून तुम्ही बाजूला ठेवता, तीच या कामाला उचला.

आधी हात

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि मिटन विणा. मिटन म्हणजे अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकाच पिशवीत असलेला हातमोजा. बोटं एकमेकांना उब देतात, शिवाय थंड हवेला भिडणारा पृष्ठभागही कमी होतो. पाच बोटांचे हातमोजे कितीही जाड विणले तरी त्याच लोकरीच्या मिटनइतके उबदार होत नाहीत. आणि ते विणायला कटकटीचे असतात ते वेगळंच.

मध्यम जाडीची लोकर घ्या. स्वेटरसाठी ज्या सुया वापराल त्यापेक्षा एक-दोन माप बारीक सुया घ्या. बहुतेक मध्यम लोकरीला ३.५ मिलिमीटरच्या आसपासची सुई चालते. वीण घट्ट हवी, कारण सैल विणीतून वारा आरपार जातो. १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके येतील असा नमुन्याचा तुकडा विणून बघा. हा तुकडा टाकून देऊ नका, पुढे खेळात लागणार आहे.

बोटांच्या मुळाशी २० सेंटीमीटर घेर असलेल्या हातासाठी हा हिशेब:

१. दोन्ही बाजूंनी टोकदार सुयांवर किंवा गोल सुईवर ४० टाके घाला आणि गोल जोडा. २ सुलट, २ उलट अशी मनगटाची पट्टी १० सेंटीमीटर विणा. नेहमीच्या हातमोज्याला ६ पुरतात, पण इथे पट्टी जॅकेटच्या बाहीत खोलवर गेली पाहिजे.

२. एक फेरा सुलट विणताना सारख्या अंतरावर ८ टाके वाढवा. आता ४८ झाले. तीन-चार फेरे साधे विणा.

३. अंगठ्यासाठी फेऱ्यातल्या एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना खुणेच्या कड्या घाला. दर तिसऱ्या फेऱ्यात कड्यांच्या आतल्या बाजूला एकेक टाका वाढवत जा. १ चे ३, ३ चे ५, असं करत १५ टाके झाले की ते एका जाड दोऱ्यावर काढून ठेवा. रिकाम्या जागी १ टाका घालून पुन्हा ४८ करा.

४. करंगळीचं टोक झाकेपर्यंत सरळ विणा. मध्येच हातात घालून बघा, मोजपट्टीपेक्षा ते बरं. मग ४८ टाक्यांचे ८-८ चे सहा भाग करा आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणा. एक फेरा घटवण्याचा, एक साधा. २४ टाके उरले की प्रत्येक फेऱ्यात घटवा. शेवटच्या ६ टाक्यांतून धागा ओढून आत पक्का करा.

५. दोऱ्यावरचे १५ टाके सुईवर घ्या, फटीच्या कडेने ३ टाके उचला आणि १८ टाक्यांवर अंगठा विणा. नखाच्या मध्यापर्यंत आलं की दोन-दोन एकत्र विणून संपवा. उचललेल्या टाक्यांपाशी बारीक भोकं राहतात. ती उरलेल्या धाग्याने आतून बंद केलीच पाहिजेत, बर्फ नेमका तिथूनच शिरतो.

चौथ्या पायरीत सहा ठिकाणी घटवल्यामुळे मिटनच्या टोकावर सहा रेघा मध्याकडे धावताना दिसतात. बर्फाच्या स्फटिकालाही सहाच हात असतात. नॉर्वेतल्या सेल्बू गावच्या प्रसिद्ध हातमोज्यांवरचं फूल मात्र आठ पाकळ्यांचं असतं. टाक्यांच्या चौकटीत आठ पाकळ्या सरळ आणि तिरप्या रेघांत सहज बसतात, सहा बसवताना जीव जातो. विणकामात हिमकण म्हणून खपणारी बरीच नक्षी त्यामुळे आठ हातांची असते, आणि बर्फात उभं राहून ती बघितली की गंमत वाटते.

हे सेल्बूचं काम १८५७ पासूनचं. मारित एम्स्टाड या तरुण मुलीने त्या वर्षी दोन रंगांत असे हातमोजे विणले आणि पुढे सगळ्या परिसराने ते उचलले. त्यात नुसती शोभा नाही. दोन रंगांनी विणताना न वापरलेला धागा मागून फिरतो, त्यामुळे हातमोजा आपोआप दुपदरी होतो. मात्र मागचा धागा चार-पाच टाक्यांहून लांब मोकळा सोडलात तर घालताना बोटं त्यात अडकतात.

उब वाढवायच्या आणखी दोन जुन्या रीती आहेत. कॅनडातल्या न्यूफाउंडलँड आणि लॅब्राडोरमध्ये न कातलेल्या लोकरीचे छोटे पुंजके ठरावीक टाक्यांत विणून घेतात. बाहेरून नुसते ठिपके दिसतात आणि आत लोकरीची गादी तयार होते. पहिल्या दिवशी ती इतकी गच्च भरलेली असते की मूठ वळत नाही, वापरून ती बसते.

दुसरी रीत दाटवण्याची, आणि नवशिक्याला मी हीच सुचवेन. त्यासाठी मात्र वरचा हिशेब बदलतो. जाड सुयांवर, सैल विणीने मिटन बराच मोठा विणायचा आणि गरम साबणाच्या पाण्यात चोळून चोळून आटवायचा. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, टाके दिसेनासे होतात आणि नमद्यासारखं घट्ट कापड तयार होतं. वारा आणि ओला बर्फ दोन्ही त्यावर बराच वेळ अडतात. प्रत्येक लोकर वेगळी आटते आणि साधारणपणे रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. म्हणून आधी २० बाय २० सेंटीमीटरचा तुकडा आटवून दोन्ही बाजू मोजा आणि त्या प्रमाणात मिटन मोठा धरा. हा तुकडा वगळून पुढे जाण्याचा मोह आवरा, नाहीतर मिटन बाहुलीला घालावे लागतील.

इतकं करूनही ओल्या बर्फात दिवसभर खेळायचं असेल तर वरून जलरोधक कापडाचं मिटनचं कवच विकत घ्या आणि विणलेला मिटन अस्तर म्हणून आत घाला. आपली नक्षी झाकली जाते म्हणून वाईट वाटतं खरं, पण बोटं खूश राहतात. कवचाचा घेर बाहीच्या वरून यायला हवा आणि विणलेली पट्टी बाहीच्या आत. मग वरून पडलेला बर्फ बाहेरच्या बाहेर घसरतो.

शेवटची गोष्ट म्हणजे दोरी. फोटो काढायला मिटन काढला, काखेत धरला आणि वाऱ्याने नेला, हे हटकून होतं. ३ टाक्यांची गोल दोरी विणून एका बाहीतून पाठीवरून दुसऱ्या बाहीत घ्या आणि दोन्ही टोकांना मिटन शिवा. लहान मुलांना मात्र अशी दोरी लावू नका. घसरगुंडीत किंवा उतारावर वर नेणाऱ्या स्की-लिफ्टमध्ये ती अडकून गळ्याला फास बसू शकतो. त्यांच्यासाठी बाहीला लावायचे चिमटे मिळतात.

मान, डोकं, पाय

मफलर घरी ठेवा. घसरगाडीवर किंवा लिफ्टपाशी लोंबणारं टोक धोक्याचं, आणि ते बर्फात लोळून सगळ्यात आधी भिजतं. त्याऐवजी बंद गोल मानपट्टी विणा. डोक्यातून सहज जाईल इतकी रुंद आणि नाकापर्यंत ओढता येईल इतकी उंच असली की झालं. नाकावर ओढली की श्वासातली वाफ तिच्यात जिरते आणि तासाभरात पट्टी गोठून कडक होते. म्हणून अशा दोन करा, एक खिशात.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं ऐकलं असेल. ती अतिशयोक्ती आहे, डोकं त्याच्या आकाराइतकीच उष्णता घालवतं. टोपी तरीही हवीच, ती मुख्यतः कानांसाठी. काठ दुमडून दुहेरी होईल अशी, कानाखाली पोचणारी टोपी विणा. घसरगाडीवर हेल्मेट घालणार असाल तर गोंडा विसरा आणि पातळ टोपी करा. गोंडा बटणाने काढता-घालता येईल असा लावला तर दोन्ही हौशी भागतात.

पायांच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात: दोन जाड पायमोजे, तेही घट्ट बुटात. बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. लोकरीचा एकच उंच पायमोजा आणि बोटं हलवता येतील इतका मोकळा जलरोधक बूट, बस. पोटरीवर विणलेले लेगवॉर्मर हवे असतील तर पँटच्या आत. बाहेर घातले की त्यांच्यावर बर्फाचे गोळे धरतात.

जे विणायचं नाही

जलरोधक पँट, वारा अडवणारं जॅकेट, बूट आणि गॉगल. बर्फाच्या पर्यटनस्थळी पँट, जॅकेट आणि बूट बहुतेक भाड्याने मिळतात. एकाच फेरीसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. लोकरीचा स्वेटर मधल्या थरात घाला. अंगाला घाम टिपणारा पातळ लोकरी किंवा सिंथेटिक थर, मग स्वेटर, वर जॅकेट. चढावर धावायच्या आधी स्वेटर काढून पाठपिशवीत टाका. घामाने भिजणं आणि बर्फाने भिजणं, थंडीला दोन्ही सारखंच.

गॉगलची टाळाटाळ करू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करू शकतो, म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. उघड्या डोळ्यांनी दिवस काढला की काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही लावा.

बर्फ ओळखा, मग खेळ ठरवा

बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मिटनमध्ये मूठभर बर्फ घेऊन दाबणं. गोळा झाला आणि त्यावर तुमच्या विणीचा ठसा उमटला तर तो ओलसर बर्फ, तापमान शून्याच्या जवळपास. गोळे, स्नोमॅन, किल्ला, सगळं त्यात होतं. मूठ उघडल्यावर पिठासारखा भुरभुरला तर तो कोरडा बर्फ. त्यात कणांना चिकटवायला पाण्याचा अंश नसतो. तासभर खपलात तरी स्नोमॅन उभा राहणार नाही, पण लोळायला, घसरायला आणि स्फटिक बघायला तोच उत्तम. पाय टाकल्यावर करकर आवाज आला तर साधारण उणे १० किंवा त्याहून जास्त थंडी आहे असं धरा. वर कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत असेल तर पाय अचानक खोल जातो, अशा ठिकाणी धावायचं नाही.

चालायची पद्धतही तिथेच शिकून घ्या. पावलं छोटी, तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, आणि हात खिशाबाहेर. पडलात तर हात मोकळे लागतात.

स्नोमॅन: दोन्ही हातांत मावेल असा गोळा घट्ट दाबा, जमिनीवर ठेवा आणि ढकलत न्या. दर दोन-तीन वळशांनी दिशा बदला, नाहीतर गोळ्याऐवजी लाटलेली गुंडाळी तयार होते. तळाचा गोळा जिथे स्नोमॅन हवा तिथेच नेऊन थांबवा, नंतर तो हलत नाही. मधला त्याहून लहान, डोकं आणखी लहान. सांध्यांत बर्फ भरून लिंपा. त्याच्या गळ्यात चांगला मफलर घालायचा नाही. रात्रीत तो बर्फात गोठतो आणि सकाळी ओढला की धागे तुटतात. उरल्यासुरल्या ॲक्रिलिकची पट्टी विणून न्या, आणि निघताना ती आठवणीने काढून घ्या.

विणीचे ठसे: नमुन्याचा तो तुकडा आता बाहेर काढा. पाट्या किंवा दोऱ्यांसारखे वळलेले पीळ असलेला जाडसर तुकडा सगळ्यात सुंदर उमटतो. तो पुठ्ठ्यावर टाचा आणि दहा मिनिटं बाहेर गार होऊ द्या. उबदार तुकडा बर्फ वितळवतो आणि बर्फ त्यालाच चिकटतो. मग ओलसर बर्फाचा एक भाग हाताने सपाट करा, तुकडा सरळ दाबा आणि सरळच उचला. उंच असलेले पीळ बर्फात खोलगट होतात, उलट टाक्यांची दरी उंचवटा होते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक टाका मोजता येतो. या एका कामात गुळगुळीत ॲक्रिलिक लोकरीपेक्षा सरस ठरतं, केसाळ धागा बर्फ उपटून आणतो.

पायांनी विणा: टाचा जुळवून, चवडे फाकवून उभे राहा. बर्फात जो आकार उमटतो तो एक सुलट टाका. तशाच पावलांनी एकेक पाऊल मागे सरका, टाक्यांचा उभा स्तंभ तयार होतो. शेजारी दुसऱ्याने, त्याच्या शेजारी तिसऱ्याने, सगळ्यांनी एकाच ओळीत सुरुवात करून मागे यायचं, म्हणजे केलेलं काम तुडवलं जात नाही. नंतर उंचावर जाऊन फोटो काढा. स्कीवाले चढ चढताना असेच फाकवलेले ठसे सोडत जातात, तेही बघून ठेवा. सायमन बेक नावाचा ब्रिटिश कलाकार स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून घालायची पसरट पादत्राणं, घालून चालत चालत फ्रान्सच्या आल्प्समध्ये मैदानंच्या मैदानं नक्षीने भरतो. आपण एका सुटीत रुमालाएवढं जमवलं तरी हरकत नाही.

हिमकण बघणं: बर्फ पडत असेल, वारा मंद असेल आणि कोरडी थंडी असेल तर गडद रंगाचा मिटन पाच-दहा मिनिटं बाहेर गार ठेवा आणि मग त्याची पाठ पुढे धरा. लोकरीच्या बारीक केसांवर कण अधांतरी टेकतात, हाताची उब त्यांच्यापर्यंत लवकर पोचत नाही. श्वास बाजूला सोडा आणि भिंगातून बघा. पसरट, फांद्या फुटलेले तारे ढगात उणे १५ अंशांच्या आसपास वाढतात. इतर तापमानाला सुया आणि चकत्यांसारखे आकारही मिळतात, तेव्हा तारा दिसला नाही म्हणून खट्टू होऊ नका. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ ला सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकाचा पहिला फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात ५,००० हून अधिक घेतले. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये होक्काइडोत प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवला तो सशाच्या केसावर. अंगोरा, म्हणजे सशाच्या केसांची लोकर, विणणाऱ्यांनी ही माहिती मिरवायला हरकत नाही.

बर्फाचा कंदील: स्वीडनमध्ये हा हिवाळ्याचा आवडता उद्योग आहे. गोळ्यांचं एक वर्तुळ, त्यावर जरा लहान वर्तुळ, असं रचत नेऊन मनोरा करायचा. माथा बंद करायच्या आधी आत मेणबत्ती लावायची. गोळ्यांमधल्या फटींतून उजेड बाहेर येतो. वाकताना मानपट्टीची झालर किंवा मिटनची दोरी ज्योतीपाशी जाऊ देऊ नका. लोकर सहजी पेटत नाही, पण ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं.

घसरगाडी: मजेचा कळस हाच आणि सर्वाधिक दुखापतीही इथेच. उतार सौम्य हवा, खाली थांबायला लांब सपाट जागा हवी, आणि वाटेत झाड, कुंपण, रस्ता किंवा गोठलेलं पाणी नको. बसून, पाय पुढे करून घसरा, डोकं पुढे करून कधीच नाही. वर चढताना कडेने चढा. गाडी भलतीकडे निघाली तर बाजूला लोळून पडा, गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे. वाहनाला बांधून ओढून घ्यायची कल्पना कुणी मांडली तर ती तिथेच मोडून काढा.

गोळाफेकीला नियम दोनच: चेहऱ्यावर नाही आणि गोळ्यात बर्फाचा कडक तुकडा नाही.

कधी थांबायचं

हवामानाच्या अंदाजात तापमानाइतकाच वारा बघा. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते साधारण उणे २० सारखं लागतं. हा आकडा उणे २८ किंवा त्याखाली गेला तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी खिडकीत बसून विणा.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा. नाक, गाल, कान किंवा बोटांवर पांढुरका, बधिर डाग दिसला तर लगेच आत चला. ती जागा चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. बोटं काखेत धरा, गालावर उबदार हात ठेवा, नाहीतर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. शेकोटीजवळ किंवा हीटरवर नको, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. संवेदना परत आली नाही, फोड आले किंवा जागा कडक राहिली तर डॉक्टरकडे. कुणी थरथर कापत असेल, बोलणं जड झालं असेल, साधी चेन लावता येत नसेल तर शरीराचं तापमान उतरत आहे. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, गरम गोड पेय द्या आणि मदत बोलवा. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका, तो वितळवायला शरीराचीच उष्णता खर्च होते.

तीन ठिकाणी नवख्याने स्वतःच्या अकलेने जाऊ नये. एक, गोठलेलं तळं. वरून सारखा दिसणारा बर्फ जागोजागी वेगळ्या जाडीचा असतो. स्थानिकांनी खुणा केलेल्या जागेबाहेर पाऊल नको. दोन, तीव्र उतार. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. तीन, बर्फाच्या ढिगात खोदलेला बोगदा. मुलांना तो फार आवडतो, पण तो कोसळतो. रस्त्याकडेच्या ढिगात तर बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकाला आतलं मूल दिसतच नाही. किल्ला करा, पण वरून उघडा.

विणकाम सोबत न्यायचं असेल तर लाकडी किंवा बांबूच्या सुया न्या. धातूच्या सुया बोटांची उब खेचून घेतात. फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. थंडीत बॅटरी पटकन उतरते.

परत आल्यावर

दारातच कपडे झटका. बर्फ अजून गोठलेला असताना तो निघतो, आत येऊन पाच मिनिटं गप्पा मारल्या की त्याचं पाणी होऊन लोकरीत जिरतं. मिटनवरचे मणी ओढून काढू नका, धागाही सोबत येतो. दोन मिटन एकमेकांवर आपटा, मग मऊ ब्रश फिरवा.

ओली लोकर पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर हाताने दाब द्या आणि सपाट पसरून वाळवा. हीटरच्या जवळ, पण हीटरवर नाही. मिटन मध्येच एकदा उलटा करा, अंगठा सगळ्यात शेवटी वाळतो. रात्रभरात सुकेलच याची खात्री नसते, म्हणून माणशी दोन जोड्या न्या आणि आलटूनपालटून घाला.

पहिल्या दोन दिवसांत वीण कुठे झिजते ते कळतं: अंगठ्याचं बूड आणि घसरगाडीची दोरी धरल्याने तळहाताचा मधला भाग. तिथे विरळ दिसू लागलं की भोक पडायची वाट बघू नका. त्याच लोकरीने टाक्यांच्या वाटेवरूनच सुई फिरवून दुहेरी करा. त्यासाठी प्रत्येक जोडीमागे थोडी लोकर आणि एक बोथट सुई सामानात टाकून ठेवा.